तीन पावलं मागे

(माजी विद्यार्थी स्नेहमेळावा, सेवाग्राम : मनोगत)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी मला विषय विचारला नाही, सरळ सांगितलाच. "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर एआयवर बोल." मी हो म्हटलं. चार स्लाइडही तयार केल्या. पण वर्धा स्टेशनला उतरून ऑटोने सेवाग्रामकडे येताना मला वाटलं की एआयवर बोलणारे ढीगभर लोक आहेत. या शाळेत, या लोकांसमोर एकदाच बोलायला मिळणार असेल, तर मला दुसरंच काही सांगायचं आहे. एक चूक सांगायची आहे. ती चूक माझी आहे, आणि ती करू नये हे मला याच आवारात आठवीत असताना शिकवलं गेलं होतं.

तुमच्यापैकी निम्म्यांना तो दिवस आठवत असेल. पावसाळ्याचे दिवस. खेळाचं सामान ठेवायच्या खोलीत धामण निघाली. कोणीतरी "नाग, नाग" ओरडलं आणि अख्खी शाळा त्या दारावर गोळा झाली. कोणाच्या हातात स्टंप, कोणाच्या हातात काठी. एकाने तर वर्गातली पट्टी आणली होती. (तो आज मोठा ठेकेदार आहे, नाव सांगत नाही.) साप बिचारा सामानामागे अंग चोरून बसलेला आणि बाहेर आपण दीडशे पोट्टे-पोट्टी आरडाओरडा करून राहिलो होतो.

तेवढ्यात विज्ञानाच्या बाई आल्या. बाई, तुम्ही आज इथे बसल्या आहात म्हणून मुद्दाम सांगते, तुमचा तो आवाज अजून कानात आहे. तुम्ही विचारलं, "काय चाललंय?" आम्ही म्हटलं, "बाई, साप पकडायला मदत करतो." तुम्ही म्हणालात, "मदत करायची आहे ना? मग तीन पावलं मागे व्हा. आणि तोंड बंद."

मग तुम्ही दोघांना कामं दिली. एकाला गावातल्या साप पकडणाऱ्या काकांना बोलवायला सायकलवर पाठवलं. दुसऱ्याला लहान वर्गांच्या वाटेवर उभं केलं, कोणी इकडे येऊ नये म्हणून. बाकी सगळे लिंबाखाली गप्प बसलो. काका आले, पाच मिनिटांत धामण पोत्यात गेली आणि नाल्यापलीकडे सोडून दिली. मला आठवतं, आमचा सगळ्यांचा हिरमोड झाला होता. काही घडलंच नाही!

दुसऱ्या दिवशी तुम्ही आम्हाला आश्रमात नेलं. आपण सेवाग्रामची मुलं, आश्रम आपल्याला अंगणासारखा. तरी त्या दिवशी तुम्ही दाखवलेली वस्तू मी पहिल्यांदाच नीट पाहिली: साप धरायचा लाकडी चिमटा आणि पिंजरा. १९३६ मध्ये बापू इथे आले तेव्हा या गावाचं नाव शेगाव होतं आणि आजूबाजूला सापविंचवांची काही कमी नव्हती. साप मारायचा नाही, धरून दूर सोडायचा, असं ठरलं. पण नुसतं ठरवून भागत नाही, म्हणून चिमटा आणि पिंजरा बनवला गेला. अहिंसेलाही अवजार लागतं, हे मला तिथे कळलं. चिमटा धरणारा एकच असतो, बाकीच्यांचं काम त्याला जागा देणं, हेही बाईंनी तिथेच सांगितलं.

आता माझी चूक.

९ डिसेंबर २०२०, बुधवार. कोरोनाचं वर्ष. मी पुण्यात कोथरूडला राहते. घरूनच काम चालू होतं. सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला की महात्मा सोसायटीच्या बाजूला रस्त्यावर रेडा फिरतोय. मग कोणीतरी व्हिडिओ टाकला. तो रेडा नव्हता, रानगवा होता. काळाभोर, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा. पुण्याच्या पश्चिमेला डोंगर आहेत, जंगलाचे पट्टे आहेत. तिथून वाट चुकून तो वस्तीत आला होता.

मी सकाळची मीटिंग म्यूट केली, मुलीला घेतलं आणि खाली उतरले. मुलगी तेव्हा दहा वर्षांची. नऊ महिने घरात कोंडलेलं लेकरू, म्हटलं बघू दे. खाली आलो तर रस्ता भरलेला. गच्च्यांवर माणसं, भिंतींवर माणसं, गाड्यांच्या टपावर माणसं. प्रत्येकाचा मोबाइल वर. गवा एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत पळत होता आणि गर्दी त्याच्यामागे. मी ग्रुपवर लिहिलं, "आता आमच्या मागच्या गल्लीत आलाय." सोबत लोकेशन टाकलं. माझा मेसेज वाचून आणखी वीस-पंचवीस जण आले असतील. धन्यवादाचे अंगठेही आले.

गल्लीच्या तोंडाशी एक पोलीस हवालदार उभा होता. घामाघूम. तो प्रत्येकाला हात जोडून सांगत होता, "मागे व्हा, मागे व्हा." मलाही म्हणाला, "मॅडम, लेकरू घेऊन इथे उभ्या राहू नका." आणि मी त्याला काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "मी इथेच राहते. तुम्ही मला अडवू शकत नाही." तो काही बोलला नाही. त्याला माझ्यासारखे आणखी शंभर लोक आवरायचे होते.

काही तास ही धावपळ चालली. गवा फाटकांना, भिंतींना धडकला, रक्ताळला. शेवटी त्याला भुलीचं इंजेक्शन देऊन, जाळ्या-दोरांनी धरून गाडीत घातलं. त्याच दिवशी तो मेला.

रात्री जेवताना मुलीने विचारलं, "आई, आपण पण त्याच्या मागे होतो ना?"

मी म्हटलं, आपण लांब होतो. पण ताट पुढे तसंच राहिलं.

नंतर मी त्याबद्दल वाचलं. रानातलं खूर असलेलं जनावर फार वेळ जिवाच्या भीतीने पळत राहिलं, की त्याच्या स्नायूंत आम्ल साचतं, अंगाचं तापमान चढतं, स्नायू आतून तुटायला लागतात आणि त्याचा भार मूत्रपिंडावर आणि हृदयावर येतो. पकडल्यावर जनावर शांत दिसलं तरी आतली पडझड थांबलेली नसते. अशा थकलेल्या जनावराला भूल देणंही जोखमीचं असतं. म्हणजे गर्दी प्राण्याला हात न लावताही मारू शकते. एकाने दगड मारला असता तर त्याला गुन्हेगार म्हणता आलं असतं. आम्ही हजारोंनी नुसतं पाहिलं, म्हणून कोणीच गुन्हेगार नाही. रानगवा हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी. वाघाला कायद्याने जे संरक्षण आहे, तेच त्यालाही.

पुढे लोकांना वाईट वाटलं, त्याच्यासाठी फुलं वाहिली गेली, माफी मागितली गेली. आणि बरोबर तेरा दिवसांनी, २२ डिसेंबरला, पाषाण-बावधनकडे दुसरा रानगवा आला.

पुन्हा ग्रुपवर तेच: "कुठे आहे?" "चला." या वेळी मी लिहिलं, "नको. कोणी जाऊ नका, लोकेशन टाकू नका." दोघांनी मला शहाणपणा शिकवू नको म्हणून सुनावलं. पण त्या दिवशी जागेवर चित्रच वेगळं होतं. पोलिसांनी गर्दी लांब अडवून धरली. वनविभागाने घाई केली नाही. त्याला शांत राहू दिलं, जंगलाची बाजू मोकळी ठेवली आणि त्याला तिकडे वळवलं. तो परत गेला. शहर तेच, प्राणी तोच, महिनाही तोच. मला दिसलेला सगळ्यात मोठा फरक एकच: मधलं अंतर.

हे सगळं मी आपल्या बॅचच्या ग्रुपवर लिहिलं होतं, तेव्हा आपल्यातल्या एकाचा फोन आला. तो पोलिसात आहे, आज तिसऱ्या रांगेत बसलाय. तो म्हणाला, "तुला सांगू का, अशा वेळी आमची अर्धी ताकद जनावरासाठी लागतच नाही. ती लोकांसाठी लागते. लोक म्हणतात आम्ही सहकार्य करतो. आणि सहकार्य म्हणजे काय, तर पुढे येतात. काठ्या घेऊन येतात, फटाके घेऊन येतात. कोणी तर जाळं घेऊन येतो. अरे, मागे हो ना बाबा! तेवढं केलं तरी आमचं काम झालं."

मी हसले, कारण हे वाक्य मी आठवीत ऐकलं होतं.

त्याने मला आणखी समजावलं. वन्यप्राणी धरायचं, वळवायचं काम वनविभागाचं. त्याचं प्रशिक्षण, औषध, बंदूक, पशुवैद्यक, सगळं त्यांच्याकडे. पोलिसांचं काम त्या माणसांभोवती मोकळी जागा तयार करायचं: रस्ता बंद करणं, जमाव पांगवणं, भोंगे आणि हॉर्न बंद करायला लावणं. वाघ वस्तीत आला तर काय करायचं याची राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची कार्यपद्धती आहे. तिच्यात जमावबंदीचा आदेश लावायचं स्पष्ट लिहिलेलं आहे. पूर्वीचं कलम १४४, आता नव्या संहितेतलं कलम १६३. म्हणजे गर्दी ही किरकोळ अडचण नाही, तोच मुख्य धोका आहे, हे शासनानेही मानलेलं आहे. पण कागदावरचा आदेश आणि गल्लीच्या तोंडाशी उभे असलेले चार हवालदार यांच्यामध्ये आपण असतो. आपण ऐकलं तरच तो आदेश.

माझ्या कामातली एक गोष्ट सांगते, मग तरी संयोजकांना वाटेल की सॉफ्टवेअरवर बोलली. रात्री दोन वाजता आमची सिस्टिम बंद पडते. हजारो लोकांचे पैसे अडकलेले असतात. नवीन असताना आम्ही काय करायचो? दहा जण लॉगिन करायचे, दहा जण दहा गोष्टी बदलायचे, सगळ्यांचा हेतू चांगला. आणि बिघाड दुप्पट व्हायचा. आता नियम आहे: एकच प्रमुख. तो सांगेल त्यानेच हात लावायचा. बाकीचे कॉलवर, पण म्यूटवर. ज्याच्याकडे माहिती आहे त्याने ती प्रमुखाला द्यायची, सगळ्यांना नाही. ऑफिसात हे मी रोज पाळत होते आणि गल्लीत उतरल्यावर विसरले. शिकलेली माणसं शिस्त ऑफिसच्या गेटवर ठेवून येतात, हे माझ्यावरून सांगते.

हे शहराशहरात शक्य आहे का? मुंबईचं उदाहरण आहे. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, सुमारे १०४ चौरस किलोमीटर, चारही बाजूंनी माणसांचा समुद्र. २००४ च्या एकट्या जून महिन्यात तिथे बिबट्याच्या हल्ल्यात दहा माणसं गेली. तेव्हा मागणी एकच असायची: पिंजरा लावा, बिबट्या उचला. पण जुन्नर भागात डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासातून दिसलं होतं की बिबटे उचलून दुसरीकडे सोडले की हल्ले कमी व्हायचे सोडून वाढतात. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर बिथरतं, आणि रिकाम्या जागेत दुसरं येतं.

मग २०११ पासून तिथे वनविभाग आणि नागरिकांनी मिळून 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' हा उपक्रम सुरू केला. पाड्यांतले लोक, सोसायट्या, पत्रकार, पोलीस, सगळ्यांशी बोलणं झालं. कचरा साचला की कुत्री येतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो, ही साखळी लोकांना समजावली. अंधारात लेकरू एकटं बाहेर पाठवू नका, दिवे लावा, बिबट्या नुसता दिसला म्हणजे संकट नाही. आणि तो कुठे अडकला तर गर्दी करू नका. २०१५ च्या अभ्यासात त्या परिसरात ३५ बिबटे मोजले गेले. इतके बिबटे आणि इतकी माणसं शेजारी राहतात. हल्ले कायमचे संपले असं मी म्हणणार नाही. २०२१ मध्ये आरे वसाहतीत पुन्हा झाले. पण २००४ चा तो जून परत आलेला नाही.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिल्यावर आपल्यातल्या आणखी एकाने मला चांगलंच झापलं. त्याची शेती सेलूकडे, बोरच्या जंगलाला लागून. तो म्हणाला, "तुह्या पुण्यात गवा मेला तं फुलं वाहता तुम्ही लोकं. इकडं माह्या चन्यात डुकरं घुसून राह्यले, बैल वाघानं नेला, त्याचं काय? मागं सरा म्हणते. मागं सरून मी जाऊ कुठं?"

त्याचं म्हणणं मी आज इथे मुद्दाम सांगते, कारण त्याचं उत्तर माझ्याकडे पूर्ण नाही. मी तीन पावलं मागे झाले तर माझा एक व्हिडिओ कमी होतो. तो मागे झाला तर त्याचं पीक जातं. आपण लहानपणी बोरधरणला सहलीला जायचो. १९७० मध्ये ते अभयारण्य झालं, २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. सुमारे १३८ चौरस किलोमीटर, देशातल्या सगळ्यात लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. एवढ्याशा जंगलातला वाघ कुंपण बघून थांबत नाही. तो शेतातून जातो. त्यामुळे सहकार्य एकाच बाजूने मागता येत नाही. पंचनामा वेळेवर व्हायला हवा, भरपाई हातात पडायला हवी, फोन केल्यावर माणूस यायला हवा. शेतकऱ्याने मागे सरावं असं वाटत असेल, तर त्याच्यामागे कोणीतरी उभं आहे हे त्याला दिसलं पाहिजे.

पण एक गोष्ट त्यानेच मला नंतर सांगितली. डुकरांसाठी काही जण तारेत चोरून वीज सोडतात. तिच्यात डुक्कर मरतं, वाघ मरतो आणि कधी पहाटे पाणी द्यायला गेलेला माणूसही मरतो. त्याच्या शेजारच्या शेतात अशी तार होती. तो तक्रार करायला गेला नाही, कारण रोज तोंड बघायचं. एका रात्री त्याचाच गडी त्या तारेजवळून थोडक्यात वाचला. दुसऱ्या दिवशी याने जाऊन शेजाऱ्याशी भांडण केलं, तार काढायला लावली आणि स्वतःच्या शेताला सौरकुंपण केलं. त्याचा झटका बसतो, जीव जात नाही. "हे आधी करायला पाह्यजे होतं," म्हणाला. मला वाटतं, पोलिसांना किंवा वनविभागाला सहकार्य म्हणजे हेही आहे. आपल्या ओळखीच्या माणसाची चूक दिसली तर वेळेवर बोलणं. ते गल्लीत मागे सरण्यापेक्षा कितीतरी कठीण आहे.

आता तुमच्या घरापर्यंत येते, कारण आपण सगळे कुठे ना कुठे वस्तीच्या कडेला राहतो. नागपूर, अमरावती, चंद्रपूर, पुणे. वन्यप्राणी दिसला तर १९२६ हा वनविभागाचा क्रमांक आणि ११२ हा पोलिसांचा. हे दोन आज मोबाइलमध्ये घालून घ्या. मी थांबते, घाला. फोन करताना जागा नेमकी सांगा, आणि ती जागा ग्रुपवर टाकू नका. मुलांना, कुत्र्याला घरात घ्या. सोसायटीतून एकानेच पोलिसांशी बोलावं: कोणतं फाटक कुठे उघडतं, कोणती भिंत पडकी आहे, जंगलाकडे वाट कोणती. ही माहिती हवालदाराला सोन्यासारखी. बाकीच्यांनी घरात बसावं. आणि घरी पिंजऱ्यात आपला देशी पोपट असेल, तर तोही कायद्याने गुन्हा आहे. हसू नका, मला इथल्याच दोन घरांतले पोपट माहीत आहेत.

शेवटी एक विनंती. या मेळाव्यात आपण शाळेला वॉटर कूलर आणि संगणक देतोय. चांगलंच आहे. त्यासोबत वर्षातून एक तास द्यावा. आपल्यातला पोलीस मित्र, बोरकडचा शेतकरी मित्र आणि गावातला एखादा सर्पमित्र या मुलांशी येऊन बोलेल. मुलांना आश्रमात नेऊन तो चिमटा आणि पिंजरा दाखवावा. मी पुण्याहून येईन. एआयवर नाही बोलणार.

त्या हवालदाराला मी नंतर शोधलं नाही. शोधून काय म्हणणार होते? पण आता कुठे रस्त्यात खाकीतला माणूस "मागे व्हा" म्हणाला, की मी कारण विचारत नाही. मुलगी आता मोठी झाली आहे. गेल्या वर्षी सोसायटीच्या पार्किंगमध्ये साप निघाला, तेव्हा तिनेच सर्पमित्राला फोन केला आणि सगळ्यांना लांब उभं केलं. मला म्हणाली, "आई, तू पण मागे हो."

बाई, मी झाले.